नळाचं गाणं

कनेरगाव नाक्यावर मी हिंगोलीच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी दोघीजणी बसल्या होत्या. तांड्यावरच्या रुक्माबाई मुंबईच्या लोककला महोत्सवात गाऊन आल्या होत्या आणि गावातल्या शालूबाई त्यांना खोदून खोदून विचारत होत्या.

"मंग काय गायलीस?"

"कार्यक्रमाचे साहेब म्हणले, परत्येक समाजाचं एक गाणं पायजे. तुमचं बंजाऱ्याचं एकदम जुनं म्हणा."

"म्हणलीस का?"

"न्हाई. मी माझं सोताचं म्हणलं. औंदा तांड्यात नळ आला, त्याचं."

"अगं माय! अन् साहेबाला कळलं असतं तर?"

"आमच्या बोलीत व्हतं, कोनाला कळते? पर लोकं टाळ्या वाजवून राहिले, थांबनातच. लई बरं वाटलं, शालूबाई. आजवर सासूचीच गाणी गात आले. माझं पहिल्यांदाच."

"साहेब काय म्हणला?"

"डोळे पुसून राहिला व्हता. म्हणला, शेकडो वर्षांचं गाणं वाटते."

"मंग खरं सांगितलंस का?"

"सांगणारच व्हते. तवर तो म्हणला, फुडच्या साली याच्याहून जुनं आणा."

"आता गं?"

"आता काय, घरी गेले की बसते बनवायला!"