माझ्या ओळखीतली एक मुलगी

...आणि वर मलाच म्हणते, "आई, तू बाहेर थांब." बाहेर! म्हणजे कुठे, तर चष्म्याच्या दुकानाबाहेर, बाराच्या उन्हात, डोक्याला स्कार्फ गुंडाळून, एका हातात हिची पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात हिची सॅक... बरं, थांबले. थांबायला माझं काय जातं? मी काही बोलले नाही.

आता तुम्हाला पहिल्यापासूनच सांगते, नाहीतर म्हणाल, बाईला पोरीचं कौतुक म्हणून नाही. सोळा वर्षांची मुलगी. परीक्षा संपली, सुट्टी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आता सकाळ म्हणजे साडेअकरा, आमच्याकडे सकाळ दोनदा होते, एकदा सगळ्यांची आणि एकदा हिची, तर त्या दुसऱ्या सकाळी ही डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, मी सुट्टीत नोकरी करणार. वर्गातली अर्धी मुलं करतायत म्हणे. एक आइस्क्रीमच्या दुकानात लागलाय, एक पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडतोय, एक मैत्रीण लोकांची कुत्री फिरवतेय... मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की नोकरीला उठून जावं लागतं, नोकरी अंथरुणात येत नाही. बस्स!

हिचे बाबा मला म्हणाले, तू यात पडू नकोस. मी कशाला पडते? मी फक्त अर्ज लिहून दिला. त्यात एक रकाना, 'काय काय येतं'. सोळा वर्षं मुलगी वाढवली हो मी, आणि पेन धरून अर्धा तास बसले तरी रकाना भरेना! शेवटी बाबांनी सुचवलं, मनमिळाऊ लिही. बेल वाजली की खोलीत जाऊन कडी लावणारी मुलगी... मनमिळाऊ. लिहिलं.

पहिलं दुकान वह्या-पुस्तकांचं. मी आपली नुसती सोबत. मालकांनी हिला विचारलं, सकाळी नऊला येशील ना? आणि हिने तोंड उघडायच्या आत माझ्याच तोंडून निघून गेलं, "नऊला? अहो, हिला उठवता उठवता दहा होतात!" सहज हो, बोलण्याच्या ओघात! मालक हसले, मी हसले, ही हसली नाही. कळवतो म्हणाले. अजून कळवतायत.

म्हणून मग चष्मेवाल्याकडे मी बाहेर. काच काय स्वच्छ ठेवतात हो ही माणसं, आतलं सगळं दिसतं. आत ही उभी, आणि उभी कशी, तर खांदे पाडून, दोरीवरच्या मोज्यासारखी! मी काही बोलले नाही, काचेपलीकडून ऐकू थोडंच जाणार? फक्त खुणा केल्या. पाठ ताठ... जरा हस... केस मागे घे... तर तो चष्मेवाला मुलाखत सोडून बाहेर आला, मोठ्या अदबीने माझा हात धरला आणि म्हणतो कसा, "या काकू, सावकाश, इथे पायरी आहे." त्याला वाटलं, बाईला दिसत नाहीये, म्हणून चाचपडतेय! बसवलं मला खुर्चीत, लावला समोर तक्ता. हिची मुलाखत राहिली बाजूला आणि माझा नंबर निघाला. दीड!

घरी येताना ही जिन्यात मधेच थांबली, मागे न बघताच म्हणाली, "आई, तू सोबत नसताना मला कोणी ठेवून घेतं का, तेवढंच मला बघायचंय गं."

किल्ली शोधत राहिले पर्समध्ये. किल्ली हातातच होती.

मग एकटी जायला लागली. रोज संध्याकाळी बूट काढता काढता सांगायची, नको म्हणाले. कुणाला अठरा पूर्ण हवीत, कुणाला अनुभव हवाय. आता सोळाव्या वर्षी अनुभव आणायचा कुठून, बाजारात मिळतो का? मग एक दिवस सांगायचंच बंद केलं. सकाळी आपली आपण उठून जाते, संध्याकाळी येते, जेवते, आडवी होते. पण विचारलं नाही हं! भाजी चिरताना सुरी जरा जोरात आपटली असेल, तेवढंच.

आणि तिसऱ्याच दिवशी टोमॅटो आणायला म्हणून मागच्या गल्लीत गेले तर लॉन्ड्रीच्या काचेवर कागद, 'मदतनीस पाहिजे'. मी त्या लॉन्ड्रीची पायरी कधी चढले नव्हते, आमच्या घरात इस्त्री मीच करते. पण पाय वळले हो! म्हटलं, आपण फक्त शब्द टाकून ठेवू, हिला कळायचंसुद्धा नाही. लॉन्ड्रीवाल्या बाई तोंडात दोन टाचण्या धरून कोटाला चिठ्ठी लावत होत्या. मी म्हटलं, माझ्या ओळखीतली एक मुलगी आहे. माझी म्हणाले नाही, तेवढी अक्कल आहे मला. जरा झोपाळू आहे, म्हटलं, घरात इकडची काडी तिकडे करत नाही, पण मनाने चांगली आहे, घ्या सांभाळून.

बाईंनी टाचण्या काढल्या. "उशीर केलात ताई. कागद काढायचा राहिलाय. परवाच एक पोरगी आलीय, तीन दिवस बघते म्हटलं, आज ठरवणार. पण गुणाची आहे हो. नऊच्या ठोक्याला दारात हजर. घरचं वळण लगेच दिसतं बघा."

आणि मागचे टांगलेले कोट बाजूला झाले आणि हनुवटीपर्यंत शर्टांची चवड घेऊन बाहेर आली... माझी!

आता सांगा, सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वळणाचं कौतुक केलं, आणि मला म्हणता येऊ नये की अहो, ते वळण मीच लावलंय? जीभ अशी दाताखाली धरली की दोन दिवस चहासुद्धा झोंबत होता! कारण ही माझ्याकडे बघतेय, चेहरा पांढराफटक. तिचं आज ठरणार होतं, आणि मी तिथे उभी होते, हातात टोमॅटो घेऊन. मी काही बोलले नाही. या वेळी खरंच नाही.

हिने चवड खाली ठेवली. "बोला मॅडम, काय द्यायचंय?"

मॅडम! जिचं शेंबडं नाक मी पुसलं, ती! आणि द्यायचं काय? टोमॅटो? ओढला डोक्यावरचा स्कार्फ, ठेवला काउंटरवर. सकाळीच धुतलेला. हिने उलटून पालटून पाहिला, डाग कुठे आहे विचारलं. डाग नाहीये, म्हटलं. मग? म्हटलं, जपून धुवा. मग नाव विचारलं. माझं नाव, मला! आडनाव सांगावं तर दोघींचं एकच, आणि बाईंचे कान इकडेच. काय करणार? वीस वर्षांनी माहेरचं आडनाव सांगितलं. हिने ते न अडखळता लिहिलं, आणि ओठाचा कोपरा जरासा हलला. दीड नंबर असला तरी तेवढं दिसतं हो मला.

त्या संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मला ठेवलं." एवढंच. बाबांनी घास हातातच धरून विचारलं, कुठे? मीही अगंबाई हो का, कुठे गं, असं जरा जास्तच केलं. तर ताटातून वर न बघता म्हणते, "स्कार्फ मंगळवारी मिळेल. पावती जपून ठेव."

आता सांगू का तुझ्या बाईंना, विचारलं. सुट्टी संपेपर्यंत नको, म्हणाली. म्हणजे अजून मी तिथे माहेरवाशीणच! आणि घरी? घरी हिचे कपडे खुर्चीवर, खुर्ची दिसत नाही इतके. बोलून बोलून थकले, मग एक दिवस सगळे पिशवीत कोंबले आणि नेऊन दिले लॉन्ड्रीत. तिथे काय घड्या घालते म्हणून सांगू! बाही बाहीला लागून, कॉलर ताठ, बघत राहावं. आता दर आठवड्याला रांगेत उभी राहते मी. परवा हिची जीन्स दिली, तर हिने स्वतःच्या हाताने स्वतःच्याच जीन्सच्या खिशातून चॉकलेटचे कागद, केसांची पिन आणि च्युइंगमचा चिकटलेला गोळा काढून काउंटरवर ओळीने मांडला, आणि चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाली, "मॅडम, घरून खिसे तपासून आणत जा."

हो बाई, म्हटलं. चुकलं माझं.