सेकंदाला नव्वद

नाही, पण मी काय म्हणतो, मोजायचं ते समुद्राकडेच तोंड करून मोजायचं, हे ठरवलं कोणी?... आमच्या अजिंक्यसरांनी! मोजलं कोणी? मी! आणि तोंडावर कोण आपटलं?... सांगतो ना, तेच सांगतोय, दम धरा जरा!

तर तुम्हाला सांगतो, मिरजोळ्याला एमआयडीसीत आमचं ऑफिस, आणि आम्ही बनवतो खोटी बोट. हसू नका! डोळ्यांवर चष्मा चढवायचा, खुर्चीत बसायचं, हातात सुकाणू, की समोर धक्का, लाटा, होड्या, सगळं हजर. नवीन पोरांना बोट चालवायला शिकवण्यासाठी. एका प्रशिक्षण केंद्राला ती पसंत पडली तर ऑफिस राहणार, नाहीतर टाळं, आणि हा सर्वेश परत पुण्याला, सहा जणांच्या खोलीत! सात वर्षांनी घरी आलोय हो मी, आत्ता कुठे ताजं म्हावरं ताटात पडतंय!

आता ह्या चष्म्यात कॉम्प्युटर सेकंदाला नव्वद चित्रं काढतो, म्हणून पाणी हलतंय असं वाटतं. नव्वदची चाळीस झाली की लाट अडकते आणि पोटात ढवळतं. म्हणून सरांचा एकच जप. चहाच्या आधी, "सर्वेश, नव्वद आले का?" जेवताना, "सर्वेश, नव्वद?" मी संडासात, तर दारावर थाप, "नव्वद आले का रे?" अहो, मोजतोय ना! बरं, तो आकडा पडद्यावर दाखवायचा तर तो काढण्यातच दोन चित्रं कमी होतात, तर म्हणे, "मग आकडा बंद करून मोज!" बंद करून? कसं मोजू? वास घेऊन?

आणि ह्यांची मोजायची रीत काय? बोट धक्क्यातून सोडायची, नाक सरळ समुद्राकडे, अर्धा तास, आणि काढायची सरासरी! समुद्रात असतं काय हो? वर निळं, खाली निळं! कॉम्प्युटर बसलाय पाय पसरून, नव्वद देईल नाहीतर काय करील! मी म्हटलं, "सर, मागे अख्खं बंदर आहे, घरं, माड, जाळी, किल्ला... एकदा तिकडे बघून मोजूया." तर नाक वर करून, "सर्वेश, बोट पुढे जाते. मागे कोण बघतं?"

मागे कोण बघतं! आणि मी, तांडेलाच्या पोटचा, मान डोलावली!

पाहणीला केंद्राच्या नम्रता मॅडम आल्या. म्हणाल्या, चालवायला खरा तांडेल हवा. मी कोणाला नेणार? बाबांना! भिकाजी तांडेल, चाळीस वर्षं बोटीवर. चष्मा चढवला, सुकाणू धरलं, आणि बोट काय झोकात सुटली! नव्वद! सर मला अंगठा दाखवतायत... आणि बाबांनी गर्रकन मान मागे फिरवली, किल्ल्यावरच्या भगवतीला हात जोडायला! आमच्या घरात बोट सुटली की पहिलं तेच! मला माहीत नव्हतं? लहानपणी शंभरदा बघितलंय!

नव्वदचे झाले अकरा! सगळी रत्नागिरी एका दमात काढायची म्हटल्यावर कॉम्प्युटर आडवाच झाला. डोंगर इकडून तिकडे उड्या मारतोय, बाबा "अरे, अरे, अरे..." तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांत, भर वादळात, ज्या माणसाला कधी बोट लागली नाही, त्याला ती लागली मिरजोळ्यात, खुर्चीवर! ओकला हो माझा बाप, चार लोकांत, सरांच्या बुटांवर. आणि सर काय विचारतात? "सर्वेश, सरासरी किती?" अस्सा राग आला, वाटलं, सरासरी एक द्यावी कानाखाली!

स्कूटरवर मागे बसलेले बाबा वाटेत हळूच म्हणाले, "घरात सांगू नको हां." रडूच आलं मला, रागाने.

मॅडमनी सुधारायला आठ दिवस दिले. मी म्हटलं, लांबची घरं साधी काढू, महिनाभर द्या. सर म्हणाले, "महिना कसला? किनाऱ्यावर धुकं टाक!" धुकं! रत्नागिरीत, ऑक्टोबरात, भर दुपारी बाराला! टाकलं. माड गेले, किल्ला गेला, भगवती गेली, आमचं घरसुद्धा गेलं. नव्वद आले!

पुन्हा पाहणी. बाबा आले, फक्त माझ्यासाठी. बोट सुटली, मान मागे... पांढरं! नुसतं पांढरं! बाबा म्हणाले, "देवी दिसत नाय, किनारा दिसत नाय, मग जातो कोण मरायला?" आणि तिथल्या तिथे बोट फिरवली, अलगद धक्क्याला लावली, चष्मा काढला आणि चहा मागितला!

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरायला घेतली. आणि मॅडम उठल्या की खुर्चीतून! "हेच! हेच शिकवायचंय आम्हाला पोरांना! धुकं दिसलं की माघारी! पसंत आहे, पण धुकं काढायचं नाही हां!"

मिळालं बुवा एकदाचं रत्नागिरीत राहायला... आता रोज दहा ते सहा, बसून धुक्याने रत्नागिरी पुसतो!