दांडीवरचा पाय

नाव नत्थु वल्द सोनाजी, वय अदमासे वीस, मूळ राहणार बार्शीटाकळी, हल्ली मुक्काम अमरावती. धंदा ठरलेला नाही. कापसाच्या गाडीवर बसून आलो, गाडी परत गेली, मी राहिलो. गाडीच्या बैलांची हकीकत कारकुनांनी लिहून घेतली नाही. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

सध्या मी सूर्यभान कातारी यांच्या खरादीची दोरी ओढतो. लाकूड फिरते, ते पटाशीने आतून कोरतात. पटाशी एका आडव्या दांडीवर टेकवतात आणि ती दांडी पायाने दाबून धरतात. पाय उचलला की दांडी सरकते आणि हत्यार उलटते. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितले.

काल सकाळी त्यांचा साळा देविदास आपल्या नवरीसाठी सांगितलेला कुंकवाचा करंडा न्यायला आला. करंडा अजून खरादीवरच फिरत होता. उंबऱ्यातूनच म्हणाला, "भाऊजी, लगन झाल्यावर देता का? का बारशाले?"

सूर्यभान म्हणाले, "थांब, तुले देतोच," आणि लाथ मारायला पाय उचलला. लाथ पोहोचली नाही. पटाशी करंड्यात अडकली आणि तिची मूठ त्यांच्याच कपाळावर बसली. देविदासाने हात लावला नाही.

लोक जमले तेव्हा सूर्यभान म्हणाले, साळ्याने मारले. मी नंतर विचारले, "असं कावून सांगतलं?" तर म्हणाले, "कातारी आपल्याच हत्यारानं फुटला, असं सांगू काय लोकाइले?"

देविदास कालपासून कोठडीत होता. आज त्याची हळद आहे. त्याची बहीण जमुनाबाई, म्हणजे सूर्यभान यांची बायको, सकाळपासून ठाण्याबाहेर बसून होती. नवऱ्याशी बोलत नव्हती, भावाशीही नाही.

माझे म्हणणे जमादारसाहेबांना पटले नाही. म्हणून खराद ठाण्याच्या आवारात आणवली. शिपायाने दोरी ओढली. मी पाय मोकळा ठेवून पटाशी आत घातली. सूर्यभान डोक्याला फडके बांधून ओसरीवर बसले होते. ते तिथूनच ओरडले, "पाय दे रे दांडीवर, माह्यावानी कपाळ फोडून घेतं का?"

ते ऐकून बाहेर बसलेली जमुनाबाई पहिल्यांदा हसली. जमादारसाहेबांनी कोठडीची किल्ली मागवली.

हा मजकूर वाचून दाखवला तेव्हा देविदास हळदीला निघून गेला होता आणि सूर्यभान त्याच्यामागे करंडा घेऊन गेले होते, म्हणून ऐकायला मी एकटाच होतो. ऐकला, सांगितल्याबरहुकूम आहे.

सही, नत्थु सोनाजी