रसूलभाईंच्या राजीनाम्याची समजूत

...आणि वर मलाच विचारतात, एवढा जीव जात होता तर रसूलभाईंनी नको का म्हटलं न्हाय! अहो, म्हटलं ना! म्हटलं म्हणूनच तर अडकले! तुम्हाला सांगतो, बाकी कुठं नको म्हणजे नको असत असेल, आमच्या ढोकीत तसं नसतंय. आमच्याकडं पाहुण्याला चहा विचारा, तो नको म्हणणार, परत विचारा, आत्ताच झाला म्हणणार, तिसऱ्यांदा विचारा, तोवर त्याचा हात बशीपर्यंत आलेला असतो. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा तो हावरट, आणि शेवटपर्यंत नको म्हणणारा... तो अजून आमच्या भागात जन्माला यायचाय. नको म्हणून बघा एकदा आमच्या जिल्ह्यात, मग बोला.

तर रसूलभाई. कारखान्याच्या रस्त्याला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती लेकरासारखी काखेत धरून रसूलभाईंकडं आणणार, आणि रसूलभाई तांब्याची तार गुंडाळत गुंडाळत त्याचं सगळं ऐकून घेणार... मोटारीचं, उसाच्या तोडीचं, सासऱ्याच्या गुडघ्याचं. स्वतः बोलणार न्हाईत. आता जिथं सगळेच बोलतात तिथं न बोलणारा माणूस किती उठून दिसतो! तेच नडलं.

आमच्या गावात बहुरंग प्रतिष्ठान निघालं. काढलं रिटायर हेडमास्तर भीमाशंकर आप्पांनी, आणि मनापासून काढलं, उगं खोटं कशाला बोलू. आप्पांचं म्हणणं एवढंच, की ह्या मुलखात मराठी हाय, दखनी हाय, तिकडं उमरग्याकडं कानडी हाय, तांड्यावर गोरमाटी हाय, प्रत्येकाचं गाणं वेगळं, खाणं वेगळं, लग्नात रुसायची तऱ्हा वेगळी... हे टिकलं पाहिजे, एकमेकांच्या ओट्यावर गेलं पाहिजे. चांगलंच हाय की! पण पहिल्या बैठकीत अध्यक्ष कोण, ह्यावर गाडी रुतली. ह्यांचा केला तर ते रागावणार, त्यांचा केला तर हे. वर उकाडा, पंखा बंद. म्हणून रसूलभाईंना बोलावणं गेलं... पंखा दुरुस्त करायला, हां! रसूलभाई आले, स्टुलावर चढले, कुठं काय पिळलं देव जाणे, पंखा असा फिरला की आप्पांची टोपी उडाली आणि सगळ्यांची डोकी एकदम गार झाली. वर बघतात तर सगळ्यांच्या वर कोण? रसूलभाई.

आप्पा म्हणाले, हे आपले अध्यक्ष. रसूलभाई म्हणाले, नको आप्पा. आप्पा सभेकडं वळून म्हणाले, बघा, विनय बघा. रसूलभाई म्हणाले, खरंच नको, मला बोलता येत न्हाय. सभा म्हणाली, वा! शेवटी बिचाऱ्यानं स्टुलावरूनच दोन्ही हात जोडले, की बाबांनो सोडा मला... आणि हात जोडलेले बघून टाळ्या पडल्या. झाले अध्यक्ष. नको म्हणून बघा म्हणतो ते उगं न्हाय.

बरं, अध्यक्ष एक वेळ परवडला, पण सल्लागार! तुम्हाला सांगतो, प्रतिष्ठानात रुसलेल्या माणसाला एकच औषध, त्याला सल्लागार करायचं. फोटोत कडेला उभं केलं म्हणून एक रुसला, केला सल्लागार. त्याला केलं म्हणून त्याचा चुलता रुसला, तोही सल्लागार. मारवाड्यांचं एकच घर, ते अख्खं घर सल्लागार. उमरग्याच्या शांताक्का, खड्या आवाजाच्या, त्या तर गाडी चुकली म्हणून मुक्कामाला राहिलेल्या, सकाळी उठल्या ते सल्लागार होऊनच. नावांची पाटी भिंतीवर मावंना, म्हणून ती कोपऱ्यावरून वळवून शेजारच्या पिठाच्या गिरणीवर नेली. पहिल्या कार्यक्रमाला सगळे सल्लागार स्टेजवर, आणि समोर ऐकायला एकटा मंडपवाला. एवढा वेळ ऐकून घेतलं म्हणून शेवटी त्यालाही सल्लागार केला. आता समोर कोण, सांगा? रसूलभाई! अध्यक्ष खाली सतरंजीवर आणि वरून सगळे त्यांना सल्ला देतायत.

आणि सल्ला तरी कसला! प्रतिष्ठानाच्या मेळ्याच्या जेवणाचं निघालं. एक म्हणाला, कांदा-लसूण नको. दुसरा म्हणाला, मटणाशिवाय ते जेवण कसलं. इंद्रजित म्हणून आमचा कार्याध्यक्ष हाय, तरणा, मिशीला पीळ, तो म्हणाला भाकरीच पाहिजे, आपली ओळख हाय ती. शांताक्का म्हणाल्या, भाकरीला आमच्याकडची शेंगाचटणी नसली तर मी येणार न्हाय. कुणाला वांगं चालंना, कुणाला चिंच बाधती. सगळ्यांचा मान ठेवायचा! तर ठेवता ठेवता पानात उरलं काय? पांढरा भात. विविधतेचा मेळा, आणि पंगतीला पांढरा भात! कुणाच्या भावना म्हणून दुखावल्या न्हाईत बघा. पोटं दुखली, ते वेगळं.

ह्या सगळ्यात काम कोण करणार? सल्लागारानं काम केलं तर सल्ला कोण देणार? मग रसूलभाई. सतरंज्या रसूलभाई, माइक रसूलभाई, पाहुण्याला आणायला रसूलभाई. दुकानात जळक्या मोटारींची रांग, आणि दुकानदार गावभर हार घेऊन फिरतोय.

आता खरी गोष्ट इथं हाय, नीट ऐका. रसूलभाईंची लेक उझमा. डी.फार्म झालेली, शहाणी पोर, बापासारखीच कमी बोलणारी, पण बोलली की पक्कं. तिला बघायला एकदा बार्शीचे लोक आले. रसूलभाई कुठं? सोनारीला, काळभैरवाच्या यात्रेत, प्रतिष्ठानाच्या पाणपोईवर. पाहुणे म्हणाले, बापालाच गरज दिसत न्हाय. उठून गेले. परत दुसरे आले, तेव्हा रसूलभाई येडशी स्टेशनावर, प्रमुख पाहुण्याला घ्यायला. पाहुणा गाडीत झोपला तो थेट लातूरला उतरला, आणि रसूलभाई फलाटावर हार हातात धरून, तो सुकतोय आणि हे सुकतायत. तीही सोयरीक गेली.

आता तिसरी आली नळदुर्गची. मुलगा आसिफ, मेडिकल दुकान, आणि तुमच्यापुरतं ठेवा, उझमाच्याच कॉलेजातला. म्हणजे पोरीच्या मनातलं हाय, समजलं ना? घरातल्या सगळ्यांना समजलेलं आणि कुणीच बोलत न्हाय, तसलं. रविवारी दुपारी यायचं ठरलं. आणि प्रतिष्ठानाची बैठक? रविवारी दुपारीच!

फरिदाबींनी, म्हणजे रसूलभाईंच्या घरच्यांनी, पोळपाट बाजूला ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "अजी, इस बखत घर में नै दिखे, तो पोरगी मीच तुमच्या बैठकीत आणून बसवते. करा ठराव, कुणाला द्यायची ते." आणि वर बजावलं, जमल्याशिवाय सोयरिकीचं बाहेर एक अक्षर काढायचं न्हाय, नजर लागती, आधीच दोन गेल्यात.

उझमा दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "अब्बा, ह्या खेपेला राहा."

बापाच्या काळजाचं काय झालं असंल, सांगा! रसूलभाई शनिवारीच उठले, तडक आप्पांच्या ओट्यावर गेले. तिथं निम्मे सल्लागार बसलेलेच असतात. जन्मात पहिल्यांदा रसूलभाई आपणहून बोलले, म्हणाले, मला मोकळं करा, मी अध्यक्षपद सोडलं.

आप्पांनी विचारलं, कारण काय? आता कारण सांगायला तर बंदी. रसूलभाई म्हणाले, घरगुती हाय. झालं! घरगुती म्हटलं की आमच्याकडं समजायचं, कुणीतरी दुखावलंय. रसूलभाईंची पाठ वळते न वळते तोच शांताक्का म्हणाल्या, मी तेव्हाच म्हणत होते, रसूलअण्णांच्या खुर्चीवर टॉवेल न्हवता. इंद्रजित म्हणाला, टॉवेलचं न्हाय, फ्लेक्सवर रसूलचाचांचा फोटो माझ्यापेक्षा लहान आला, ते लागलं त्यांना. प्रत्येकाला आपापलं पाप आठवायला लागलं, आणि एवढी पापं निघाली की आप्पांनी डोळे पुसले. ठरलं काय? उद्याची बैठक रद्द. सगळ्यांनी मिळून रसूलभाईंच्या घरी जायचं. समजूत काढायला. वाजत-गाजत!

रविवार उजाडला. रसूलभाई इस्त्रीचा पठाणी घालून दुपारपर्यंत उभेच, बसलं तर चुरगाळंल. नळदुर्गची मंडळी आली. मुलाचे वडील खाजासाब, उंच, दाढी मेंदीची, चेहरा असा की हसू त्या गल्लीनं कधी गेलंच नसंल. आत बायकांचं बोलणं सुरू झालं, उझमानं चहा आणून ठेवला, आसिफनं कपाकडं एवढं बघितलं की कप लाजला. सगळं कसं लोण्यासारखं चाललेलं! मग खाजासाबनी घसा साफ केला.

"रसूलभाई, एकच इचारतो. तुम्ही पुढारी-बिढारी न्हाय ना? आमच्या थोरल्या लेकाचा सासरा पुढारी हाय. त्याच्या घरात कायम माणसं, पण तो स्वतः कधी घरात न्हाय. लेकीच्या बाळंतपणाला सत्कारात होता. मला दुसरा पुढारी सोयरा चालायचा न्हाय."

रसूलभाई म्हणाले, "न्हाय, खाजासाब. होतं थोडं. कालच सोडलं."

खरंच बोलले हो! एक शब्द खोटा न्हाय! आणि तेवढ्यात... हलगी. आधी लांब, कारखान्याच्या रस्त्याला. मग वळणावर. मग दारात! खाजासाब म्हणाले, लग्न दिसतंय कुणाचं. रसूलभाईंच्या कपाळावर घाम आला, कारण त्यांना प्रतिष्ठानाच्या हलगीची चाल ओळखू आली.

दार अडलं. आप्पा पुढं, इंद्रजितच्या हातात फेटा, शांताक्काच्या हातात नारळ आणि टॉवेल, खुर्चीचा आठवणीनं आणलेला, मागं मारवाड्यांचं अख्खं घर, मंडपवाला, आणि अंगणाबाहेर कोण कोण ते दिसंनाच, नुसत्या टोप्या. रसूलभाई हात हलवून सांगतायत, नंतर, नंतर या, आता नको... बघा! परत नको! आप्पांनी टोपी काढली. म्हणाले, "अध्यक्षसाहेब, चुकलं आमचं. तुमच्यावाचून हे प्रतिष्ठान म्हणजे तारेवाचून मोटार." आणि इंद्रजितनं फेटा बांधायला घेतला. माणूस फेट्यात सापडला की मान हलवता येत न्हाय, तोंड उघडता येत न्हाय, मागून पोरगं ओढतंय आणि आपण आढ्याकडं बघायचं. आढ्याकडं बघता बघता रसूलभाईंना डोळ्याच्या कडेनं काय दिसलं? खाजासाब उठले.

"सोडलं म्हणाला होता तुम्ही," खाजासाब म्हणाले. एवढंच. आणि चपलांकडं निघाले. आसिफ खाली मान घालून मागं. पडद्याआड फरिदाबींनी कपाळाला हात लावला, आणि उझमा... ती रडली न्हाय. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं, बाप तार गुंडाळतो तसं, घट्ट. ते बघून रसूलभाई फेट्यातून ओरडले, "अरे थांबवा त्यांना!"

आता अध्यक्षानं हुकूम दिला. आयुष्यातला पहिला! आणि प्रतिष्ठानाला दिसलं काय? भरल्या बैठकीतून एक वडीलधारा माणूस चपलेत पाय घालतोय. म्हणजे कोण? रुसलेला! आणि रुसलेल्यावर आमच्याकडं औषध किती? एक! आप्पांनी खाजासाबांचा हात धरला, मंडपवाल्यानं खुर्ची सरकवली, शांताक्कानं तो टॉवेल खुर्चीवर टाकला. खाजासाब म्हणाले, नको. आप्पा म्हणाले, बघा, विनय. खाजासाब म्हणाले, अहो मी नळदुर्गचा, माझा काय संबंध, मला जायचंय. इंद्रजित म्हणाला, नळदुर्गचं तर आपल्याकडं कुणीच न्हाय की! खाजासाबांनी वैतागून हात जोडले...

तुम्हाला सांगतो, त्यांनी हात जोडायला नको होते.

दुसरा फेटा बांधला. नारळ दिला. हलगी कडाडली. नळदुर्गचे सल्लागार खाजासाब! अन् मग एक चमत्कार झाला, खोटं वाटंल, पण अख्खं अंगण साक्षीला हाय. ज्या माणसाला जन्मात कुणी नारळ दिला न्हवता, त्याचा चेहरा फेट्याखाली हळूहळू सैल पडला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. घसा साफ केला. म्हणाले, ही हलगी दारात न्हाय, अंगणात वाजवली असती तर बरं झालं असतं. वा! अंगण म्हणालं, वा, काय सल्ला! मग म्हणाले, नारळ उजव्या हातानं द्यावा. मग कुणीतरी मेळ्याच्या जेवणाचं सांगितलं, तर म्हणाले, मेळ्याला नुसता भात का? आमच्या नळदुर्गचा खिचडा का नको? थांबायलाच तयार न्हाईत! चहा परत झाला, आत बायकांनी साखर वाटली, आसिफनं पहिल्यांदा मान वर केली, आणि खाजासाब सगळ्यांदेखत म्हणाले, "सोयरीक पक्की. आमची एकच अट."

रसूलभाई म्हणाले, काय म्हणाल ते कबूल. लेकीचा बाप आणखी काय म्हणणार?

"अध्यक्ष तुम्हीच राहायचं. मरेपर्यंत. तुम्ही सोडलं, तर मी सल्ला कुणाला देऊ?"

आता सांगा मला, कुठं जायचं ह्या माणसानं? आप्पाला नको म्हटलं तर विनय, आणि व्याह्याला नको म्हटलं तर पोरीचं नशीब. रोज पहाटेची नमाज झाली रे झाली की नळदुर्गहून फोन येतोय. सतरंज्या उन्हात टाका. माइकला फडकं बांधा. शांताक्काला सांगा, चटणी तिखट झाली. रसूलभाई मोटारीवर वाकलेले, फोन कानाला खांद्यानं दाबलेला, हौ जी, हौ जी चाललेलं... कापता येत न्हाय, मधी बोलता येत न्हाय, तोंड वाकडं करायची सोय न्हाय, व्हिडिओ कॉल असतोय!

लग्न हाय पुढल्या हंगामात, ऊस तुटल्यावर. म्हणजे बघा, लेक अजून माहेरी लोळतीय, सासुरवास बापाचा सुरू झाला.