बकरीवरची चिठ्ठी

"...घर आवरून पोराकडं चालली म्हणे धम्मशीला, आता कायमची..." येवढंच आयकलं मी, अन् तेवढ्यात चक्कीवाल्यानं चक्की चालू केली! आता मले सांगा, असं अर्ध्या बोलण्यात कोणी चक्की लावते काय? दोन मिनिटं थांबला असता तं त्याचं काय पीठ सांडत होतं? वंदनाचं तोंड हालून राह्यलं, हात हालून राह्यले, अन् मले आपली नुसती घरघर! सारा घोटाळा तिथूनच झाला. माह्या मनात काही वाईट नव्हतं हो!

धम्मशीला म्हणजे माही शेजारीण. मधात कमरेयेवढी भिंत, वीस वर्षांची ऊठबस. येवढी बाई डोणगाव सोडून चालली अन् मले सांगत नाई? दळण तसंच डोक्यावर, मी थेट तिच्या दारात. म्हटलं, विरजण मांगू. घरात कोणी नाई, दार नुसतं लोटलेलं... लोटलेलं म्हणजे उघडंच नं? पाह्यते तं काय माय! फ्रीजवर चिठ्ठी, पलंगावर चिठ्ठी, माठावर, आरशावर, मिठाच्या बरणीवर... आंगणात बकरी, तं तिच्या गळ्यातल्या दोरीलेही चिठ्ठी! सारं इंग्रजीत. माही शाळा सातवी, तेही ढकलत ढकलत. पण आमच्या सासरी वाटणी झाली तवा पातेल्यापातेल्यावर अशाच चिठ्ठ्या होत्या, कोणतं कोणाच्या वाट्याचं. म्हटलं झालं, हे सारं निंगालं विकाले!

कोणाले सांगतलं नाई हो मी. फक्त सत्यभामाबाईले. तेही शपथ घालून! आता तिनं सांजपर्यंत अर्ध्या गावाले शपथा घातल्या, त्याले मी काय करू?

दुसऱ्या दिवशी कडूबा बकरीचा भाव विचाराले हजर. "वहिनी, उलीशीक कमी करा, दूध कुठं येवढं देते?" दुपारी एक जोडपं फ्रीज उघडून, आत डोकं घालून पाहून गेलं. अन् मंग चेन्नईवरून तिच्या पोराचा, अश्वजितचा फोन, तोही स्पीकरवर: "आई, घर विकून राह्यली काय? आमाले एका शब्दानं सांगतलं नाई?" मी भिंतीपाशी कपडे वाळू घालत होती, म्हणून आयकू आलं. धम्मशीलानं फोन ठेवला, साऱ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या अन् टोपल्यात टाकल्या. बकरीची सुद्धा.

सांजच्याले तिची भाची सुचिता माह्या दारात, कमरेवर हात.

"काकू, ते आत्याची शाळा होती!"

"कायची शाळा वं?"

"अश्वजितदादाची बायको, आमची वहिनी, तमिळ हाय. तिले मराठी नाई येत, आत्याले तमिळ नाई. आठवा महिना लागला, तिले आई नाई, आत्या बाळंतपणाले चालली. दोघींच्या मधात बोलाले हाय ते फक्त इंग्रजी. म्हणून मी चिठ्ठ्या लिहून देल्या, येता-जाता वाचाले. आता म्हणते, जातच नाई, सारं गाव हासून राह्यलं! तिकडं वहिनी पाणी मांगीन, अन् समजाले कोणी नसन!"

काय सांगू तुम्हाले... मी पाणी मांगतलं तं माहे मालक तीन हाका मारल्यावर देतात, तेही मराठीत! त्या लेकरानं कोणाले मांगावं? माह्या मनात काही वाईट नव्हतं हो!

सकाळी धम्मशीला वावरात गेली, तसं मी ते टोपलं उचललं. चुरगळलेल्या चिठ्ठ्या लाटण्यानं सपाट केल्या, कणकेची खळ शिजवली, अन् साऱ्या परत लावल्या. आता वाचता कुठं येते मले? जागा दिसली तिथं लावली!

धम्मशीला आली. दारातच थांबली. मी उभी, कोपरापर्यंत खळ.

"सोजराबाई, बकरीले वॉटर म्हणता काय तुम्ही?"

"अं?"

"वॉटर म्हणजे पाणी. हे माठाले. अन् पलंगावर सॉल्ट? मिठावर झोपता काय? हे मिरर, म्हणजे आरसा... तो तुम्ही पायपोसाले लावला." एक-एक काढे, मले अर्थ सांगे, जाग्यावर लावे. एकही चुकली नाई हो!

म्हटलं, "अवो, तुम्हाले तं सारं येते!"

तशी ती मटकन बसली. हातात एकच चिठ्ठी राह्यलेली. "हे पेन. पेन म्हणजे दुखणं, कळ. हे खरं कामाचं. पण लावू कायले, हेच समजत नाई."

म्हटलं, "माह्या गुडघ्याले लावा." अन् लावली बाईनं!

गेली मंग. तीन महिन्यांसाठी. वंदनाले मी चक्कीवर गाठलंच: "काऊन वं, तू तं कायमची म्हणे?" तं म्हणते, "मी म्हणत होती, कायमची थोडीच चालली!" म्हणजे चालली हे तं खरंच निंगालं नं? अर्धं तं बरोबर होतं!

जाताना किल्ली मलेच देली. बकरीही मलेच. अन् फळीवरच्या मोठ्या डब्यावर नवीन चिठ्ठी, मराठी अक्षरात: 'डोन्ट ओपन.' याचा अर्थ मले कोणी सांगावा नाई लागला. नऊ दिवस मी त्या डब्याकडं पाह्यलं नाई. दहाव्या दिवशी... मुंग्या लागल्या असतीन तं, म्हणून. आत बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या, अन् वर साध्या मराठीत चिठ्ठी: 'सोजराबाई, मले माहीत होतं. खाऊन घ्या.'

खाल्ल्या हो. काय करता? माह्या मनात काही वाईट नव्हतं...