एकघाशे साहेब आणि अर्धं छप्पर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या दोलदारी बाजार व्यापारी संघाचे प्रमुख, रजईवाले श्रीमान बोंग दल-हो. व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष माननीय मिन ह्वान-सिक साहेब. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या माक-सुन मावशी. आणि दुकानं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून इथे आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी मासळी आळीतला प्यो गिल-सू. सुकी मासळी विकतो. भाषणाचा मान मला का मिळाला, तर अध्यक्षांचा घसा बसलाय आणि माझा अजून बसत नाही, एवढंच.

दोन शब्द बोला म्हणाले. साहेबांचे चिटणीस पहिल्या रांगेत बसलेत, त्यांनी आणखी एक विनंती केली. म्हणाले, "प्यो साहेब, काहीही बोला, फक्त तो शब्द नको." कुठला शब्द ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज काय? आपल्या देशात दूधपित्या पोरालाही तो ठाऊक आहे. मी शब्द दिला की शब्द काढणार नाही. आता बघू किती वेळ निभतं ते.

मावशी उद्यापासून दुकान बंद करतायत. गुडघे राहिले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी आपल्याला रस्साभात वाढला, हे खरं. पण नुसत्या रश्श्यासाठी राजधानीहून माणसं येत नाहीत. निवडणूक आली की प्रत्येक उमेदवाराला आपल्या बाजारातून फिरावंच लागतं, उभ्या उभ्या चार ठिकाणी खावंच लागतं, आणि शेवटी मावशींच्या दुकानात वाटीपुढे बसावंच लागतं. फोटोवाले फोटो काढतात. उमेदवार हात हलवत जातात. मग मावशी ती वाटी उचलून मोरीवर नेतात, आत बघतात आणि नाव ठेवतात. टीव्हीवरची भाषणं त्यांनी कधी ऐकली नाहीत. परत आलेली वाटी बघायची, बस्स.

आठवतं ना? एका साहेबांनी रश्श्यातली कांद्याची पात एकेक वेचून काठावर ओळीनं लावून ठेवली होती. त्यांचं नाव पडलं पातवेचे. पुढे ते निवडून आले आणि पाच वर्षं मंत्रीच वेचत बसले. दुसरे एक दारातून आत येताना इतके वाकले की कपाळ टेबलाला लागलं. मावशी म्हणाल्या, "हा काटकोन. निवडून आला की सरळ होईल." झाला की नाही? नंतर आले तेव्हा मान हलली, तीही मागे.

आणि मग आले... चिटणीस साहेब, माफ करा, आता इलाज नाही. शब्द काढल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

तेव्हा उमेदवार असलेले आपले प्रमुख पाहुणे आले. तांदळाच्या पिठाच्या तिखट कांड्यांचा एक घास खाल्ला, हात पुसले. मासळीच्या वडीचा एक घास, हात पुसले. मावशींच्या वाटीतून एक चमचा रस्सा घेतला, "वा, आईच्या हातची चव" म्हणाले आणि उठले. वाटी जशीच्या तशी. मावशी मोरीवरूनच म्हणाल्या, "एकघाशा दिसतोय बाई हा." वार्ताहराचा माईक चालू होता, त्याला मावशी काय करणार? संध्याकाळी टीव्हीवर, सकाळी पेपरात. साहेब निवडून आले, पण नाव त्यांच्या आधी राजवाड्यात जाऊन बसलं.

बरं, नाव खोटं ठरलं असतं तर लोक विसरले असते. पण साहेबांनी प्रत्येक कामाचा घासच घेतला. पूल झाला, रस्ता राहिला. आपल्या बाजाराला छप्पर मंजूर केलं आणि उद्घाटनाची फीत जिथे बांधली होती, तिथवरच ते आलं. अध्यक्षांच्या रजया कोरड्या राहतात. माझी सुकी मासळी दर पावसात पुन्हा पोहायला लागते. आळीतले काही जण तेव्हा मावशींवर रुसले. म्हणाले, तुझ्या जिभेनं आमचं छप्पर खाल्लं. मीही त्यांच्यात होतो, लपवत कशाला?

तर गेल्या आठवड्यात भर दुपारी साहेब मावशींच्या दुकानात आले. एकटे. फोटोवाला नाही, चिटणीस नाही. मी कोपऱ्यात जेवत होतो.

साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही दुकान बंद करताय असं ऐकलं. त्याआधी माझं नाव मागे घ्या. माझं वय झालं. उद्या मी गेलो की पेपरात माझ्या नावापुढे कंसात तेच छापतील."

मावशींनी टेबल पुसलं. "वाटी रिकामी केली नाहीत, नाव कसं मागे घेऊ?"

तेव्हा साहेबांनी जे सांगितलं, ते इथे सांगू का, असं मी त्यांना मघाशी जिन्यात विचारलं. म्हणाले, सांगा, आता कुठे निवडणूक आहे. तर त्या निवडणुकीच्या आधीच साहेबांच्या पोटात कर्करोग निघाला होता. बहुतेक जठर कापून टाकलेलं. एका घासापुढे दुसरा गेला की घाम फुटायचा. आजारी माणसाला मत कोण देणार, म्हणून पक्षानं तोंडाला कुलूप लावलेलं.

मावशींनी फडकं ठेवलं. आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा हातात तोंडी लावायला मुळ्याची किमची ठेवतात ती छोटी वाटी होती. त्यात रस्सा, मऊ शिजवलेला भात, मटण बारीक चिरून. म्हणाल्या, "त्या दिवशी बोलला असतात तर एवढ्यातच वाढलं असतं."

"बोललो असतो तर मतं कुणी दिली असती?"

"आम्ही दिली असती. आम्हाला काय तुमच्या जठराशी लग्न लावायचं होतं?"

साहेब जेवले. माझं जेवण झालं, आळीत जाऊन मी दोन गिऱ्हाइकं केली, परत आलो, तरी जेवतच होते. मावशी समोर बसून लसूण सोलत होत्या. डोळे पुसत होत्या, आणि लसणानं डोळ्यांत पाणी येत नाही, हे मलाही कळतं. वाटी रिकामी झाली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली. मावशींनी आत बघितलं आणि म्हणाल्या, "पोटाचं कळलं. छपराचं काय?"

साहेबांनी मान खाली घातली. छप्पर कापायला कुठलाही डॉक्टर आला नव्हता.

"निकाल समारंभात सांगेन," मावशी म्हणाल्या. आज मात्र त्यांना माईकपुढे उभं राहवत नाही, म्हणून तो मी सांगतोय. साहेब याचसाठी इतक्या लांबून आलेत, आणि मघापासून त्यांनी समोरच्या पाण्यालाही हात लावलेला नाही.

मावशी म्हणतात, पोटासाठी ठेवलेलं नाव मी मागे घेते, ते ठेवलं याचं मला वाईट वाटतं. छपरासाठी ते राहील.

आता समारोप करतो. हारवाल्या ताई, खुर्च्यावाले, सगळ्यांचे आभार. मावशी, तुमच्यावर रुसलो होतो, पण दुपारी जेवायला तुमच्याकडेच येत होतो, एवढं लक्षात ठेवा. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. ज्यांना पोट कमी आहे त्यांनी थोडं थोडं घाला.

शेवटचा रस्सा मावशींच्या दुकानात तयार आहे. साहेबांसाठी छोटी वाटी काढून ठेवलीय, आणि कुणीही मोबाईल बाहेर काढायचा नाही. बाहेर पाऊस लागलाय. दुकानाला जायचं तर मासळी आळीतूनच जावं लागतं, तेव्हा साहेब, तुम्ही माझ्या छत्रीत या. छप्पर संपेल तिथून मावशींच्या दारापर्यंत आम्ही तुम्हाला एकघाशाच म्हणू. दारातून आत गेलात की ह्वान-सिक.