यशोदाबाई वादात हरल्या तो दिवस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष श्रीमान रतिलालशेठ, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आमचे गुरुजी शालिग्रामशास्त्री, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या जळगावकर भगिनींनो व बंधूंनो,

शास्त्रीबुवा उद्या सकाळच्या गाडीने पैठणास कायमचे जात आहेत. माझ्या आधीच्या तिघांनी त्यांच्या विद्वत्तेविषयी सांगितले. त्यांच्या पाठशाळेत आता चारच विद्यार्थी का उरले, हे कोणी सांगितले नाही. सभेत असे बोलू नये, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. पण तेरा वर्षे मी शिष्टाचारच पाळला.

नव्या मंडळींसाठी थोडे मागचे सांगते. राममंदिराच्या ओवरीत शास्त्रीबुवा दर गुरुवारी आम्हा बायकांची वादसभा भरवीत. बायकांना न्यायशास्त्र शिकवणारा माणूस तेव्हा खानदेशात दुसरा कोण होता? ते सांगत, सत्य कळावे म्हणून दोघे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते मोडायचे, ती वितंडा. आम्हाला एकदा अजिंठ्यास नेऊन म्हणाले, "इथले भिक्षू आधी समोरच्याचे मत त्याच्याहून चांगले मांडत असतील. त्याने मान डोलावली की मग खंडन." पक्ष चिठ्ठ्या टाकून ठरे. आणि जुन्या काळी हरलेला जिंकणाऱ्याचा शिष्य होई, म्हणून आमच्याकडे नियम होता की हरणारीने जिंकणारीचे मत वर्षभर पाळायचे. कौतिकभाऊंच्या मंडळींनी त्यापायी वर्षभर कांदा सोडला होता. भाऊ चिडून म्हणत, "हरली ही, आणि पिठलं मी बिनकांद्याचं खातोय."

हसण्यासारखेच होते सगळे. मग मरीचे साल आले.

उंदीर पडू लागले. निम्मे गाव माळावर झोपड्यांत गेले. डॉक्टर लस टोचायला आले, आणि कोणी म्हणे घ्यावी, कोणी म्हणे मरीआई कोपेल. त्या गुरुवारी विषय तोच निघाला. 'लस घ्यावी' ही चिठ्ठी यशोदाबाईंना आली. पिंपळनेरकडच्या त्या, शाळा दोन इयत्ता, पण बुद्धी तल्लख. 'घेऊ नये' ही मला आली. मी मॅट्रिक. माझ्या सासूबाई पहिल्या रांगेत जपमाळ घेऊन बसलेल्या.

यशोदाबाई म्हणाल्या, लस घ्यावी, कारण ती घेतलेले वाचतात. साधे बोलणे. मी विचारले, पाचोऱ्याचा लस घेतलेला वाणी गेला की नाही? गेला. आमच्या गल्लीतली सुंदरबाई लस न घेता तापातून उठली की नाही? उठली. मग लस घेऊनही मरतात, न घेताही जगतात, तर तुमचे कारण व्यभिचारी, म्हणजे कधी लागू पडणारे, कधी न पडणारे ठरले. न्यायशास्त्रात हा कारणाचा दोष आहे. दोन माणसे दाखवून दोनशे माणसांचा अनुभव मोडता येत नाही, हे उत्तर त्यांना सुचले नाही. मला ते येत होते. मी दिले नाही.

शास्त्रीबुवांनी नियमाप्रमाणे माझ्या बाजूने निर्णय दिला. सासूबाईंनी कौतुकाने माझ्यावरून बोटे मोडली.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते. त्याच सभेच्या आदल्या दिवशी मी लस घेतली होती. आमच्या घरचे नगरपालिकेत. नोकरांच्या कुटुंबांना आधी टोचत होते. सासूबाईंच्या नकळत घेतली. वाद करताना माझा डावा दंड सुजलेला होता, अंगात तापाची कसर होती.

दुसऱ्या दिवशी मी यशोदाबाईंकडे गेले. त्या ओट्यावर डाळ निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "काय वं मॅट्रिकबाई, आते उलटा पक्ष लिसन उनी का?" त्यांची जाऊ हसली. मी म्हटले, हो, उलटाच पक्ष घेऊन आले, लस घेऊन टाका, ते नुसते बोलणे होते. त्या म्हणाल्या, "बठ्ठास्ना समोर सबद देयेल शे. आते फिरू कशी? तूच तर सांगं, घेऊ नही म्हणून." तेव्हा पदर बाजूला करून दंड दाखवला असता तर पुरे होते. पण जाऊ तिथे बसलेली, आणि तिचे तोंड आमच्या सासूबाईंपर्यंत पोचायला संध्याकाळ लागली नसती. मी घरी आले.

शास्त्रीबुवाही त्यांच्या दारी गेले होते. "हा नियम अभ्यासापुरता आहे, मी तो मोडतो," असे म्हणाले. त्यांनाही तेच उत्तर मिळाले, सगळ्यांसमोर शब्द दिला आहे, आता फिरणार नाही. अकराव्या दिवशी यशोदाबाईंच्या काखेत गाठ आली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेल्या. त्यांची धाकटी मुलगी बेबा तेव्हा पाच वर्षांची होती.

मी शास्त्रीबुवांना सगळे सांगितले. त्यांनी आधी पाठशाळेतली मुले बाहेर पाठवली. मग म्हणाले, "नियम माझा, निर्णय माझा. तुझ्या सासरी हे कळले तर तुला उभे राहू देणार नाहीत. तू बोलू नकोस." मी बोलले नाही. गाव म्हणाले, शास्त्र्याच्या नियमाने बाई मारली. वादसभा बंद झाली, लोकांनी मुले काढून घेतली, दक्षिणा देणारी घरे दार लावू लागली. देवापुढे मी रोज दिवा लावते, पण या एका गोष्टीचे काय करायचे ते मला देवाला विचारताही आले नाही. सासूबाई गेल्या फाल्गुनात वारल्या. म्हणजे आज बोलण्यात माझे शौर्य काही नाही, हेही तुम्ही ध्यानात घ्यावे.

शास्त्रीबुवा मघापासून हाताने मला बसायला सांगत आहेत. गुरुजी, एवढी आज्ञा मोडते.

बेबाबाई तिकडे खांबापाशी बसली आहे. बाई, तू आजवर शास्त्रीबुवांच्या पायाशी वाकली नाहीस, रस्त्यात दिसले तर वाट बदललीस. तुझ्या आईला जिने हरवले ती मी. ती खरे बोलत होती, हे मला तेव्हाच माहीत होते.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिले, यजमान मंडळींनी बोलावले, त्यांची मी आभारी आहे. समारंभाला न शोभणारे बोलले असेन, शब्द कमीजास्त झाले असतील, तर तेवढे पोटात घालावे. बाकीच्याबद्दल मी आज काही मागत नाही. गाडी साडेसातला आहे. ज्यांना शास्त्रीबुवांची क्षमा मागायची आहे त्यांनी स्टेशनवर वेळेत यावे. मी सहापासून तिथे असेन.